वरच्या खोलीचा पाइप

शटर अर्धं ओढा आणि बसा. तुमचं रोजचंच, "लक्ष्मणकाका, भुताची सांगा." सांगतो. पण हसलात तर उद्यापासून दुकानाची पायरी चढू देणार नाही.

ज्योतीराम प्लंबर आठवतो ना? बीडचा. हात सोन्याचा, माल नेहमी माझ्याकडून न्यायचा. त्याला निगडीत प्राधिकरणातल्या एका बंगल्यावर बोलावणं आलं. यशवंतराव नावाचे साहेब, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. म्हणाले, "पाइप थडथडतात. झोप होत नाही."

ज्योतीरामने नळाचे वायसर बदलले, ढिला पाइप भिंतीला क्लॅम्प मारून आवळला. थरथर गेली. तरी साहेब म्हणाले, "रात्रीची ठकठक वरच्या खोलीतून येते. तेवढी मिटवा."

वर साहेबांची आई, सोजराबाई. जुनी मावळातली बाई, गुडघे गेलेले, दिवसरात्र खाटेवर. उशाशी खालपर्यंत गेलेला लोखंडी पाइप, आणि त्याचा एका जागी रंग पार उडालेला. शेजारी स्टीलची पळी.

"आजी, तुम्ही वाजवता?"

"मंग काय करू, बाबा? रातीला दम कोंडतो. कुनीतरी उठवून बसवाया लागतं. हाक खाली जात न्हाई, म्हनून तीनदा वाजवते." मग तिचा चेहरा उजळला. "तू नीट कराया आलायस न्हवं? आता चांगलं ऐकू जाईल, व्हय ना?"

"व्हय, आजी," ज्योतीराम म्हणाला.

आणि खाली येऊन त्याने तोच लोखंडी पाइप कापला, मधे हातभर प्लास्टिकचा तुकडा बसवला. लोखंड आवाज वाहून नेतं, प्लास्टिक गिळून टाकतं. धंद्यातली साधी युक्ती. तुकडा कुणी दिला? मीच. याच फळीवरून. त्याने सगळं सांगितलं होतं मला, आणि मी मुकाट्याने तुकडा मापून दिला.

पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकाच्या सुभद्राबाई चहा घेऊन वर गेल्या. सोजराबाई पाइपाला टेकून बसलेल्या. गार. पळी मुठीत.

तेरावं झालं, खोलीला कुलूप लागलं. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. रात्री दोन चाळीसला ज्योतीरामचा फोन वाजला. साहेब बोलत होते. "लगेच या. पाइप वाजतोय."

तो ताथवड्याहून मोटारसायकलवर गेला. साहेब जिन्याखाली उभे. ज्योतीरामने टाकीचा वॉल्व्ह बंद केला, नळ सोडून पाइप रिकामा केला. आत थेंब नाही. दोघे ऐकत राहिले.

ठक...

ज्योतीरामने लोखंडाला हात लावला. गप्प. मग प्लास्टिकच्या तुकड्याला लावला.

तो हलत होता.

"साहेब... पळी कुठाय?"

"मुठीतून सुटेना. तशीच... तिच्याबरोबर जाळली."

ठक...

तिसऱ्या ठोक्याची वाट बघत दोघे थांबले. तो आलाच नाही. साहेब मटकन पायरीवर बसले.

"मला ऐकू यायचं," ते म्हणाले. "आई... मला रोज ऐकू यायचं."

बैल गेला आणि झोपा केला! आता रडून काय उपयोग? आणि त्यांना तरी मी कुठल्या तोंडाने बोलू?

उजाडायच्या आत ज्योतीरामने तो तुकडा कापून काढला, इथे माझ्या काउंटरवर ठेवला आणि धंदा सोडला. आता चाकणला कंपनीत शिफ्ट करतो. नळाला हात लावत नाही.

हा तो तुकडा. घ्या ना, घाबरता काय? बाहेरून गुळगुळीत, एक ओरखडा नाही. आता टॉर्च मारा आत. दिसले? ठोकल्यासारखे खड्डे. आतून.

मोज रे, प्रज्वल. मोठ्याने मोज.

...तीन?

ज्योतीरामने आणून ठेवला, तेव्हा दोनच होते.