भारभास

उजव्या मांडीचा आडवा छेद पडद्यावर उमटला, तसा डॉ. मुजावरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते नुसते बघत राहिले.

"कुणाचा पाय हा?"

"आईचा," शर्मिष्ठा म्हणाली.

"कुठल्या वर्षीचा?"

"आज सकाळचा."

मुजावर हृदयविकारतज्ज्ञ. शर्मिष्ठा जिथं संशोधन करायची, त्या मिरजेजवळच्या स्नायुसंशोधन केंद्रात ते आठवड्यातून एकदा येत. तिच्या आईला, विजयमाला मगदूम यांना, ते अपघाताच्या आधीपासून ओळखत. विजयमाला म्हणजे तालुक्यातल्या मुलींना वजन उचलायला शिकवणाऱ्या माला बाई. ट्रकनं धडक दिली, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं शरीर त्यांना परकं झालं. तेव्हापासून चाकांची खुर्ची आणि मांडीवर शाल. मांड्या आटत आटत मनगटाएवढ्या झाल्या, तशी शाल उन्हाळ्यातही निघेना. शिष्या भेटायला आल्या की बाई आतूनच निरोप पाठवायच्या, झोपलेय म्हणून सांगा.

आणि आता पडद्यावर ही मांडी. भरदार, चारही स्नायू वेगळे ओळखू यावेत अशी.

"मला फक्त हृदयातलं कळतं, मॅडम," मुजावर म्हणाले. "हे कसं झालं ते मला समजेल असं सांगा."

शर्मिष्ठानं खुर्ची जवळ ओढली. "बैठका मारल्या की मांडी का भरते? मांडीला बैठक कळत नाही. पेशीला कळतो तो ताण. पेशीच्या आवरणात भारग्राही रेणू असतात. ताण आला की ते वाकतात, आणि पेशी नवे तंतू विणायला घेते. जिथं ताण, तिथंच. खोल बैठकांनी मांड्या आणि नितंब भरतात, टाचा उचलून पोटऱ्या. म्हणून धावणाऱ्या बाईचे पाय एका घाटाचे आणि वजन उचलणारीचे दुसऱ्या."

"आणि तुमचं हे वस्त्र?"

"भारवस्त्र. ते सूक्ष्म कंपनांनी तेच रेणू वाकवतं. पाय जागचा हलत नाही, पण पेशीला वाटतं, खांद्यावर कुणीतरी पोतं दिलंय. आम्ही त्याला भारभास म्हणतो. मेंदूकडून एकही निरोप यावा लागत नाही. पायांना माणूस लागतच नाही म्हणा ना."

"म्हणजे व्यायाम न करता व्यायामाचं फळ."

"हो."

"घाम येतो?"

"नाही."

"धाप लागते?"

"कशाला लागेल?"

मुजावरांनी चष्मा खाली घेतला. "मग हृदयाला हे कुणी कळवलंय? पाय झाले जवान बाईचे. त्यांना रक्त पुरवणारं हृदय इतकी वर्षं खुर्चीत बसलंय. वापर नसेल तर तेही आटतं, मॅडम. तोही स्नायूच."

"सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात."

"बसून आणि निजून केलेल्या. उभं करून?"

"उभं अजून केलंच नाही. ते शनिवारी."

"त्याआधी कलत्या फळीवर बांधून थोडं थोडं उभं करू. दोनतीन आठवडे जातील, जाऊ देत."

शर्मिष्ठानं आईला तसं सांगितलं. बाई खुर्चीत बसून खारे शेंगदाणे सोलत होत्या. शाल आता घडी घालून उशीखाली गेली होती.

"फळीला बांधणार? मला?" त्या म्हणाल्या. "मी काय पार्सल हाय?"

"आई, मुजावर म्हणतात..."

"मुजावरला बायकोपुढं मान वर करता येत न्हाई, त्यो मला उभं र्‍हायला शिकवतोय." त्यांनी शेंगदाण्याची सालं फुंकून उडवली आणि आपल्याच मांडीवर चापट मारली. काही जाणवलं नाही, तरी आवाज आला, भरलेल्या मांडीचा. तो ऐकून त्या हसल्या. "लग्नात तुझ्या आजीनं पोटऱ्या बघून इचारलं हुतं, नवरी आणलीया का पैलवान. शमे, त्या पोटऱ्या तू परत आणल्यास. आता नखरं करू नगंस. पोरींना बोलावलंय मी शनिवारी."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मला उभी बघू दे त्यास्नी."

एवढ्या वर्षांत आईनं पहिल्यांदा कुणाला तरी स्वतःहून बोलावलं होतं. शर्मिष्ठानं फळीचा विषय पुन्हा काढला नाही. मुजावर दोनदा बोलले, तिसऱ्यांदा गप्प बसले आणि शनिवारी स्वतः आले.

केंद्रातलं मोठं दालन बाईंनी आपल्या पद्धतीनं लावून घेतलं. वजन उचलणाऱ्याच्या समोर कुणी उभं राहायचं नाही, हा त्यांच्या व्यायामशाळेचा पहिला नियम होता. समोर माणूस दिसला की नजर हलते, नजर हलली की तोल जातो. एकदा एका आमदारांनाही त्यांनी समोरून उठवून बाजूला बसवलं होतं. आजही समोरची भिंत मोकळी राहिली. शिष्या मागच्या भिंतीपाशी ओळीनं उभ्या राहिल्या. काहींच्या कडेवर मुलं होती. मुजावरांना उजव्या अंगाला, यंत्राच्या पडद्याजवळ जागा मिळाली. छातीला तारा लावायला बाईंनी साफ नकार दिला होता, म्हणून बोटात नुसती नाडी मोजणारी अंगठी. आणि शर्मिष्ठा मागं, आईच्या पाठीशी हातभर अंतरावर, दोन्ही हात तिच्या काखांखाली तयार ठेवून. आधार देणारी नेहमी मागं असते.

समोर आधार-चौकट होती. छाती टेकायला गादी, कोपरं ठेवायला दोन खोबणी, धरायला दांडे. भारवस्त्राला आज आणखी एक काम होतं. नुसता भास न देता स्नायू खरोखर आवळून धरायचे. गुडघा जरा वाकू लागला, की ते क्षणात मांड्या ताठ करणार होतं. म्हणजे पडण्याची भीतीच नको.

"आई, तयार?"

"कवाधरनं."

शर्मिष्ठानं मनगटावरची कळ दाबली. नितंब आवळले गेले, मांड्या ताठ झाल्या, आणि विजयमाला मगदूम खुर्चीतून उठल्या. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. मागून कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या सुरू झाल्या.

"किती उंच हाय गं मी," बाई म्हणाल्या. "इसरलेच हुते."

शर्मिष्ठाची नजर आईच्या पायांवर होती. घोट्यापासून वर, पोटरीचा फुगवटा, गुडघ्यामागचा खळगा, मांडीची मागची रेघ. कुठं थरथर नव्हती. मुलगी बरोबर उभी आहे की नाही ते मागून पायांत बघायचं, हे तिला आईनंच शिकवलं होतं, आणि हे पाय तर दगडात घडवल्यासारखे उभे होते.

"आकडा गेला," मुजावर पडद्याकडे बघत म्हणाले.

"मूठ आवळली की अंगठीला नाडी लागत नाही. नेहमीचंच आहे."

"बाई, मूठ जरा सैल करा."

बाईंचं डोकं हळूहळू पुढं झुकलं. आपले पाय बघत असणार, शर्मिष्ठाला वाटलं. इतक्या वर्षांनी उभे असलेले स्वतःचे पाय कोण बघणार नाही?

"मान वर, आई!" ती हसत ओरडली. मागच्या मुली खळखळून हसल्या. हे वाक्य त्यांनी जन्मभर बाईंच्या तोंडून ऐकलं होतं, आज पहिल्यांदा बाईंना कुणीतरी ऐकवत होतं. टाळ्या वाढल्या. एकीनं पोराला वर उचलून दाखवलं, बघ, आजी उभी राहिली.

आजी उभीच होती. उभीच राहिली.

"बाई?" मुजावर म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "बाई!" आणि मग ते नियम मोडून चौकटीच्या समोर गेले, वाकले, आणि खालून त्यांनी चेहरा पाहिला.

"बंद करा," ते म्हणाले. "मॅडम, बंद करा ते. आडवं करा यांना!"

कळ बंद होताच ते पाय एका क्षणात कापडाचे झाले आणि आईचं सगळं वजन शर्मिष्ठाच्या हातांत आलं. मुजावरांनी छाती दाबायला घेतली. बराच वेळ ते दाबत राहिले. कुणी थांबा म्हणेना, म्हणून शेवटी तेच थांबले.

संध्याकाळी प्रयोगशाळेत शर्मिष्ठा आणि मुजावर दोघंच होते.

"रक्त पायांत उतरलं," मुजावर म्हणाले. "मोठे पाय, मोठ्या नसा, भरपूर जागा. चालताना पोटऱ्या आवळतात, सैल पडतात आणि रक्त वर ढकलतात. तुमच्या वस्त्रानं त्या नुसत्या आवळून धरल्या. हृदय दुबळं, ते वर खेचणार कुठून? मेंदू कोरडा पडला. चक्कर आली."

"चक्कर येऊन कुणी मरत नाही, डॉक्टर."

मुजावर चष्म्याची काच पुसू लागले.

"सांगा ना. कवायतीत पोलीस चक्कर येऊन पडतात. जरा वेळानं उठून चहा पितात. चक्करेनं माणूस मरतो का?"

"नाही मरत," मुजावर म्हणाले. "कारण तो पडतो. पडला की आडवा होतो. डोकं आणि हृदय एका पातळीत येतात, आणि रक्त आपोआप मेंदूकडे जातं. पडणं हाच शरीराचा इलाज असतो. शेवटचा."

शर्मिष्ठा पडद्याकडे बघत राहिली. वस्त्राची आजची नोंद तिथं होती. बाईंचे गुडघे वाकायला निघाले होते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी वस्त्रानं ते क्षणात ताठ केले होते. मांड्यांनी एकदाही हार मानली नव्हती. तिनं घडवल्या होत्या तशाच त्या वागल्या.

"म्हणजे तिचे पाय जर पूर्वीसारखे काटक्या असते," ती सावकाश म्हणाली, "तर हे वस्त्र त्यांना धरू शकलं नसतं."

"मॅडम, आता हे..."

"ती माझ्या हातांत पडली असती. मी मागंच होते."

मुजावर उठले. तिच्या खांद्यावर हात ठेवावा का, हे त्यांना कळलं नाही. ते तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी बायकांनी आईला आंघोळ घातली. पद्मामावशी, आईची धाकटी बहीण, बाहेर आली तेव्हा तिचा पदर ओला होता. ती शर्मिष्ठाजवळ जमिनीवर बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"पाय बघितलेस गं अक्काचे?" ती म्हणाली. "इशीतल्या पोरीचे असावेत तसे. सगळ्याजणी बघत हुत्या. पोरी, तू आईचं फेडलंस."

शर्मिष्ठानं मावशीच्या ओल्या पदराचं टोक पिळलं.

"मला एकच सांग. रातभर तेच मनात येतंय." मावशीनं डोळे पुसले. "कुठं लागलं तर न्हाई ना तिला? पडली का गं ती?"

"नाही, मावशी."

"पडली न्हाई?"

"नाही. पडली नाही."

"चला," मावशी म्हणाली आणि तिनं आतल्या खोलीकडे बघून हात जोडले. "तेवढी तरी भगवंतानं दया केली."