एसटीच्या हिशोबातलं विमान

"काका, जा की! पंगत उठेल!" इरा फाटकाला लटकून म्हणाली.

मार्तंडकाका धावपट्टीचे वॉचमन. जवळच्या वस्तीवर त्यांच्या भाचीचं लग्न होतं. पण इराची निवेदिताताई आज पहिल्यांदाच एकटीनं शिकाऊ विमान घेऊन लातूरला गेली होती. ती परत उतरेपर्यंत काकांना हलता येईना.

"लातूरला किती वेळ लागतो गं?"

"एसटीनं दोन तास. जाऊन येऊन चार!"

"मग लई टाइम हाय!" काका खुशीत निघाले.

खोटं कुठं होतं त्यात? एसटीला लागतातच तेवढे! पण ताईनं परवाच नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं होतं. रस्ता वळसे घेतो, विमान नाकासमोर जातं. जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, पंधरा मिनिटांत लातूर! इराला आतून टोचलं. पण क्रिकेटला धावपट्टीसारखं गुळगुळीत पिच पुन्हा कधी मिळणार?

"दहाच मिनिटं खेळू अन् पळू!" तिनं फाटक उघडून मावसभाऊ कैवल्य आणि दोस्त कलीमला आत घेतलं.

कलीम काही आउट होईना! वेळेचं भानच राहिलं नाही.

"अरे, म्हशी!" कैवल्य किंचाळला.

उघड्या फाटकातून वस्तीवरच्या मथुराबाईच्या चार म्हशी थेट धावपट्टीवर आल्या होत्या. आणि आभाळात घरघर सुरू झाली होती.

"ताई आली!" इरानं हातातला बॉल फेकला. "कैवल्य, शर्ट काढून हलव! कलीम, म्हशी हाकल!"

"हैक्! हैक्! आगं, ही तर मधीच बसली!"

"शेपटी पिरगाळ!"

विमान खाली आलं, लाल शर्ट दिसताच डोक्यावरून पुन्हा वर गेलं. म्हैस एकदाची उठली! घिरटी मारून विमान सुखरूप टेकलं.

लांबच्या ऑफिसातून धावपट्टीचे साहेब धावत आले. "शाब्बास पोरांनो! तुमच्यामुळं अनर्थ टळला!"

तेवढ्यात मार्तंडकाका धापा टाकत पोचले. साहेब कडाडले, "फाटक उघडं टाकून पंगतीला? उद्यापासून येऊ नका!"

"चुकलो साहेब," काका मान खाली घालून म्हणाले. "म्या एसटीचा टाइम धरला."

इराचं नाव त्यांनी घेतलंच नाही! इराला ती शाब्बासकी सोसवेना.

"मीच सांगितलं तसं!" ती ओरडली. "मला माहीत होतं, विमान लवकर येतं. आम्हाला इथं खेळायचं होतं. फाटकही आम्हीच उघडलं!"

ताई विमानातून उतरून तिथं आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि इराचा हात घट्ट धरला.

"शाब्बासकी मी परत घेतो," साहेब म्हणाले. "पण खरं बोललीस, ते चांगलं केलंस. काका, तुम्ही ड्युटीवर राहा. पुन्हा मात्र जागा सोडू नका."

काकांनी इराच्या डोक्यावर हात ठेवला. "येडे, खेळायचं होतं तर मला सांगायचं न्हाय व्हय? पलीकडच्या माळावर म्या बॉल टाकले असते की!"

आणि मग इराला रडू आवरेना.