पाठीमागचे पट्टे

उलट्या बाजूने चालायचं, ही अक्कल माझी. उगाच कुणी दादाला बोल लावायला नको म्हणून आधीच सांगून टाकते.

मी शहराच्या बसकचेरीत वेळापत्रकं बनवते. सोळा वर्षं झाली. कुठली बस कुठे किती मिनिटं थांबते, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यामुळे दादाच्या राहिलेल्या टप्प्याचा विषय निघाला तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन मीच पुढे सरसावले. डोंगरातली ती पायवाट एकूण बारा टप्प्यांची. आम्ही बहीणभाऊ सुट्टी मिळेल तसा एकेक टप्पा चालत होतो, नऊ वर्षांत अकरा झाले. मध्यंतरी दरड कोसळून बंद पडलेला चौथा तेवढा राहिला होता, तो आता उघडला होता. चौदा किलोमीटर, एक मुक्काम. आणि त्याच्या सुरुवातीलाच, पहिल्या तासाभरात, तो कडा होता जिथून खालचं तळं दिसतं.

दादाला ते तळं बघायचं होतं. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्याने आणि आता डोळे चालले होते. कडेचं काही दिसत नव्हतं, समोरचं तेवढं, नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते, तेही "फार तर" म्हणून.

तर सुरुवातीच्या गावाला जाणारी बस आमची पहिली बस पोचायच्या सहा मिनिटं आधी सुटते. सहा मिनिटं! कुठल्या शहाण्याने आखलं होतं कोण जाणे, आमच्या कचेरीने तरी नाही. शेवटच्या टोकाची बस मात्र छान जुळत होती.

"उलटं चालू या," मी म्हटलं. "कडा दुसऱ्या दिवशी सकाळी येईल. उजेडही चांगला मिळेल."

"तू म्हणशील तसं, चिमे."

वहिनी दारात उभी होती. "धड घेऊन या त्यांना," एवढंच म्हणाली.

जुळणारी बस चाळीस मिनिटं उशिरा आली. उतरलो तेव्हा दुपारचा दीड. आणि पहिल्याच वळणावर माझ्या डोक्यात उजेड पडला. या वाटेच्या खुणा म्हणजे झाडांवर आणि खडकांवर रंगवलेला वीतभर पिवळा पट्टा. तो सरळ येणाऱ्याला दिसेल अशाच बाजूला असतो. उलट जाणाऱ्याच्या नशिबी झाडाची कोरी पाठ. म्हणजे दर शंभर पावलांनी थांबायचं, मागे वळायचं, पट्टा दिसला तर वाट बरोबर. दादाच्या नळीत ते बसणार नव्हतं. सगळं माझ्या मानेवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तासभर ठीक गेलं. चालायचं, वळायचं, पट्टा. नकाशात मग ओढा होता. ओढा काही येईना. पाऊण तास झाला, दीड तास झाला, नुसती चढण. पण वळून बघावं तर पट्टा आहेच, झाडावर ठसठशीत.

"वाट बदलली असेल दरडीनंतर," दादा म्हणाला.

"मग नकाशा कशाला छापतात हे लोक? भिंतीला लावायला?"

"माझ्यावर का ओरडतेस?"

खरं होतं. पण एक गोष्ट मनात टोचायला लागली होती. सुरुवातीला पट्टे शंभर पावलांवर होते. आता मागचा पट्टा तीस पावलांवर दिसत होता, मग वीसवर. इतका रंग कोण उधळतं? सरकारी कामात तर नाहीच.

मी हट्टाला पेटले. दादाला एका दगडावर बसवलं, वाट सोडली आणि काटेरी झुडपांत सरळ घुसले. तिथे माणूस काय, शेळीसुद्धा जाणार नाही. पंचवीस पावलं मोजून वळले. मी नुकतीच ज्याला धरून पुढे आले त्या खोडावर पिवळा पट्टा होता.

परत आले तेव्हा हात ओरबाडले होते. दादा नाक वर करून बसला होता.

"चिमे, ऑइलपेंटचा वास येतोय गं."

"कुठून येणार इथे?"

त्याने मागे हात नेला आणि टेकायला घेतलेल्या झाडावर बोटं फिरवली. बोटं डोळ्यांसमोर धरली. पिवळी, ओली. चाळीस वर्षांच्या सवयीने मग त्याने तो पट्टा नीट चाचपला.

"दोन इंची ब्रश. एका दमात ओढलाय. डावखुरा आहे, पण हात चांगला आहे."

"अरे, कोण डावखुरा? कुणी आलं होतं का इथे?"

"कुणीच नाही. तूच काय ती गेलीस आणि आलीस."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी रागच आला. मागे कुणी दिसत नव्हतं, पाऊल वाजत नव्हतं, पान हलत नव्हतं. मी जंगलाकडे तोंड करून ओरडले, "समोर ये की! दाखवायचीच आहे वाट तर पुढची दाखव!" आवाज थोडा पुढे गेला आणि विरला. दादाने माझा दंड घट्ट धरला.

संध्याकाळी पहिली सपाट जागा दिसली तिथे तंबू ठोकला. पाव आणि चीज खाल्लं, कोरडंच. "उद्या मागे फिरू," मी म्हटलं.

"मागे कशाला? तळं पुढे आहे."

"दादा, आपण वाटेवरच नाही आहोत."

"पुढच्या वेळी बघू म्हणतेस?" तो हळूच म्हणाला. "पुढच्या वेळी मी काय बघणार, चिमे?"

कपाळ माझं. सहा मिनिटांपायी मी त्याचं तळं दुसऱ्या दिवसावर ढकललं होतं. मला रडू आलं आणि ते त्याला दिसलं नाही, कारण मी कडेला बसले होते.

सकाळी उजाडल्यावर तंबूची चेन उघडली. कापडावर बाहेरून एक पट्टा होता, माझं डोकं जिथे होतं बरोबर तिथे. मी तंबू तसाच सोडला. दादाला सांगितलं की ओला आहे, परत येऊन नेऊ.

त्यानंतर मी मागे बघितलं नाही.

दादाचा हात खांद्यावर घेतला आणि चढत राहिले. वास येत होता. आधी मागून, मग अगदी मानेपाशी.

आणि झाडं संपली. समोर कडा होता.

नकाशाप्रमाणे तिथे पोचायला अजून दोन तास होते, पण कडा तोच, लोखंडी कठडा तोच, फोटोत बघितलेला. खाली धुकं भरलं होतं, पांढरं, काठोकाठ. नऊ वीसची बस गाठायची तर लगेच उतरायला हवं होतं.

"बस जाऊ दे," मीच म्हटलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

दादाला कठड्याशी, तळ्याच्या बाजूला तोंड करून उभं केलं. आम्ही थांबलो. ऊन वर आलं आणि धुकं मधोमध फाटलं.

"दिसलं," दादा म्हणाला. मग लहान मुलासारखा हसला. "चिमे, दिसलं गं! केवढं निळं आहे! आणि ती होडी बघ, लाल आहे ना?"

लालच होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पार्टीच आहे आता, म्हणत मी खाली बसले आणि थर्मास काढायला सॅकमध्ये हात घातले. थर्मास तळाशी गेला होता.

"अगं, हात काढ ना," दादा वरून म्हणाला. तो अजून हसत होता. "काय हा पोरकटपणा! आणि किती गार आहेत हात. काढ, अजून थोडं बघू दे मला."

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सॅकमध्ये होते.

मी वर बघितलं. दादाच्या एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत, मिटलेल्या पापण्यांवरून, एका दमात ओढलेला पिवळा पट्टा. काठ सरळ. हात चांगला.

"चिमे," दादा हवेत चाचपडत म्हणाला, "पुरे ना गं आता."