थंड न होणारी खुर्ची

ऑगस्टमधला पहिला शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज आटपून अल मजाजच्या रस्त्यांवर गाड्या पुन्हा धावायला लागल्या होत्या. गुणवंत ताटावर बसणार, एवढ्यात त्याचा फोन वाजला. आता तुम्हीच सांगा, ऑगस्टमध्ये शारजात एसीच्या मेकॅनिकला सुखानं घास कोण घेऊ देतं? विभावरी सुरमईचं कालवण वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "जा, जा. माझी सवत बोलावतेय."

फोनवर साजिदा नावाची बाई होती. तिथल्याच खाडीकाठच्या एका टॉवरात एकोणिसाव्या मजल्यावर एक खाजगी क्लब होता, तिथली ती मॅनेजर. म्हणाली, "भाई, एक कुर्सी ठंडी नहीं हो रही."

"कुर्सी? मॅडम, कमरा बोलिए."

"कमरा ठीक है. कुर्सी... यल्ला, जल्दी आइए."

गुणवंत हसला. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं नाना तऱ्हेच्या तक्रारी ऐकल्या होत्या, पण ही नवीन होती. अवजारांची बॅग आणि तापमान मोजायची गन घेऊन तो निघाला.

त्या क्लबविषयी तो ऐकून होता. पाटी नाही, जाहिरात नाही. जादूगारांचा क्लब. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी मंडळी एकत्र जेवायची, एकमेकांना करामती दाखवायची आणि बाहेरच्याला वाराही लागू द्यायची नाही. हे त्याला सांगितलं होतं निनादनं.

निनाद कोण, तर गुणवंतच्याच इमारतीत दोन मजले वर राहणारा पुण्याचा मुलगा. दुबईत बँकेत कॉम्प्युटरचं काम, अंगावर इस्त्रीचा शर्ट. सहा वर्षं दर शुक्रवारी तो गुणवंतकडे जेवायचा आणि जादू शिकायचा. कारण गुणवंत नुसता मेकॅनिक नव्हता हो. कुडाळच्या जत्रांत बापाबरोबर खेळ करून त्याचा हात तयार झालेला. नारळाची करामत तर त्याची स्वतःची. लोकांतल्या कुणाची तरी अंगठी घ्यायची, मुठीत नाहीशी करायची आणि अख्खा, शेंडीवाला नारळ सगळ्यांदेखत फोडून त्यातून काढून द्यायची. नऊ वर्षं घासली होती त्यानं ती. निनादला मात्र सहा वर्षांत फुकट दिली. मागितलं एकच. खऱ्या जादूगारांच्या पंगतीत एकदा कुणीतरी म्हणावं, ही करामत गुणवंतची. बस.

"तुमचं नाव लावूनच आत शिरणार, काका," निनाद म्हणाला होता. "मग तुम्हाला घेऊन जातो." आज मात्र ऑफिसचं काम आहे म्हणून तो जेवायला आला नव्हता.

क्लबाचं दार उघडलं आणि गुणवंत डोळे चोळायला लागला. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि आत मिट्ट काळोख. जाड पडद्यांतून उन्हाची एक रेघही येत नव्हती. लांब टेबलावर पाचसहा दिवे. उदाचा धूर, मटण बिर्याणीचा वास, आणि त्याच्याखाली विझवलेल्या वातीसारखा आणखी एक वास. काळ्या कोटातली पंधरावीस माणसं भरलेल्या ताटांपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. एकही जण जेवत नव्हता. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

साजिदानं त्याला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात सांगितलं ते असं. नवीन मेंबर आला की पहिल्या जेवणाला त्याच्या उस्तादासाठी ताट मांडतात. उस्ताद जिवंत असला तर तो स्वतः त्या खुर्चीवर बसतो आणि सगळ्यांदेखत सांगतो, ही करामत याला मी दिली. उस्ताद वारलेला असला तर खुर्चीमागे दिवा लावायचा आणि शिष्यानं नाव घेऊन तीनदा हाक मारायची. ओ आली नाही की करामत शिष्याची झाली. आणि अशा वेळी ताट वाढल्याबरोबर ती खुर्ची आपोआप थंड पडते.

"हर बार?" गुणवंतनं विचारलं.

"हर बार. आज आधा घंटा हो गया... नहीं हुई. सब बोल रहे हैं एसी खराब है." बिचारीला घाम फुटला होता.

गुणवंतनं गन रोखली. भिंत चोवीस. टेबल चोवीस. खुर्ची चोवीस. त्यानं वर पाहिलं. खुर्चीच्या डोक्यावर एसीची जाळीच नव्हती. म्हणजे आजवर जी काही थंडी आली होती, ती एसीची नव्हतीच.

खाली बघतो तर ताटापुढे एक कार्ड उभं केलेलं. इंग्रजी अक्षरं. तेवढं इंग्रजी त्याला येत होतं. 'लेट', म्हणजे कैलासवासी, आणि पुढे त्याचं स्वतःचं नाव.

त्यानं ते तीनदा वाचलं. मग त्याला आई आठवली. म्हाळाच्या दिवशी पितरांच्या पानावर लहानपणी तो चेष्टेनं बसला होता, तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला होता. जित्या माणसाच्या नावानं पान वाढू नये रे, म्हणाली होती, वाढलं की कुणीतरी जेवायला यावं लागतं.

टेबलाच्या टोकाला काळ्या कोटात निनाद बसला होता. नजरानजर झाली आणि पोराचा चेहरा पांढराफटक पडला. एसीचं बटण दाखवायच्या निमित्तानं तो उठून आला.

"काका... तुम्ही इथे?"

"मेलेल्याला असं विचारतात होय रे?"

"हळू... प्लीज. जिवंत आहात म्हणून सांगितलं असतं तर तुम्हाला आणावं लागलं असतं. मग यांनी तुम्हालाच मेंबर केलं असतं. नारळ तुमचा, मला कोण विचारतो?... कागदावरचा एक शब्द आहे, काका. पाच मिनिटं गप्प राहा. तुमचं काय जातं?"

"सहा वर्षं माझ्या घरचं मीठ खाल्लंस, निनाद."

"म्हणूनच म्हणतो... पोरासारखा आहे ना मी तुमच्या?"

गुणवंतनं हातातली गन घट्ट धरली. रागानं नव्हे, राग परवडला. तळपट होवो म्हणावं तर तोंडातून शब्द निघेना. स्वतःच्या अंगावरच्या तेलकट युनिफॉर्मची त्याला लाज वाटली. एवढ्या कोटवाल्यांत एक मेकॅनिक उठून म्हणणार, उस्ताद मी आहे? आणि ओ दिली की पोराला हाकलणार. माया वाईट हो, दुसरं काय.

कुणीतरी खुर्चीमागचा दिवा लावला. गुणवंत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"गुणवंत!" निनादनं हाक दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्याला नावानं हाक मारली होती. ओ ओठांपर्यंत आली. निनाद डोळ्यांनी विनवत होता. गुणवंतनं ती गिळली.

"गुणवंत!" या खेपेला तळपायातून गार कळ निघाली आणि गुडघ्यापर्यंत चढली. हाताखालचं लाकूड ओल्या लादीसारखं लागायला लागलं.

नाही. खड्ड्यात गेला क्लब. आपण जिवंत आहोत. घरी बायको ताट झाकून बसली आहे.

"गुणवंत!"

"ओ!" तो जीव खाऊन ओरडला. "ओ! हा काय मी! इथे आहे!"

एकही मान वळली नाही. साजिदा हातभर अंतरावर होती. तिनं खुर्चीवर तळवा टेकला आणि सुटकेचा श्वास सोडला. "अल्हम्दुलिल्लाह... हो गई." गुणवंतनं गन रोखली. खुर्ची अकरा.

चमचे वाजायला लागले. निनादनं नारळ फोडला, आतून अंगठी निघाली, टाळ्या पडल्या. गुणवंत मध्ये उभा राहून घसा फाटेपर्यंत ओरडत होता. त्याच्या अंगातून आरपार बघत लोक टाळ्या वाजवत होते.

जेवण संपून दिवा विझल्यावर साजिदा दचकली. "अरे भाई, आप कहाँ चले गए थे? खलास, शुक्रिया." तिनं कागदावर सही करून दिली. लिफ्टमध्ये एकानं त्याला वेळ विचारली, रस्त्यात टॅक्सीवाल्यानं हॉर्न मारला. भीतीनं आपलाच आवाज बसला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

विभावरीनं कालवण पुन्हा गरम केलं. घास उचलला तर पोट गच्च भरलेलं. जिभेवर केशर आणि मटणाची चव. त्यानं तर तिथल्या शितालाही हात लावला नव्हता.

मुलगी वैभवी त्याची गन घेऊन खेळत होती. "वॉल, ट्वेंटी-फोर. आई, थर्टी-फोर. बाबा..." तिनं पुन्हा चाप दाबला. "बाबा, इट्स ब्रोकन. इट सेज इलेव्हन."

तसाच उठून तो दोन मजले वर गेला. निनादला म्हणाला, "सगळं तुला घे. फक्त नाव घेऊन पुन्हा एकदा तीनदा हाक मार. मी ओ देतो. एवढंच कर." निनाद रडला, पाया पडला, पाणी दिलं. पण हाक मारली नाही. ओ आली असती तर नारळ त्याचा राहिला नसता ना!

लग्न झाल्यापासून विभावरीनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं दार लावून तीनदा त्याला नावानं हाक मारली, त्यानं तीनदा ओ दिली. गन कपाळाला लावली. अकरा. ती शिष्य थोडीच होती!

त्यानंतर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी न जेवता गुणवंतचं पोट भरतं, आणि आकडा एकानं उतरतो. सप्टेंबरात दहा होता. ऑक्टोबरात नऊ झाला, तेव्हा विभावरीनं गन कपाटात कुलूप लावून ठेवली.

निनाद मात्र दर शुक्रवारी येत राहिला. मिठाई आणायचा, तब्येत विचारायचा. काका, काका, तोंडात साखर. नाव मात्र कधी नाही. गेल्या शुक्रवारीही आला. गुणवंत समोरच्या खुर्चीवर बसलेला, पाय पोटाशी घेऊन, अंगावर दोन ब्लँकेटं. निनादनं मिठाई टेबलावर ठेवली, घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "काकू, काका घरी नाहीत का?"

त्याला खरंच दिसला नाही की त्यानं न दिसल्यासारखं केलं, हे विभावरी रोज मला, शेजाऱ्याला, विचारते. मला तरी काय माहीत? मी गेलो तेव्हा ती खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काय, बसलेत ना." मला दोन ब्लँकेटंच दिसत होती. मी हो म्हणालो.