समोरच्या पाळण्यातली पिशवी

"चाळिशीला बायका चष्मा मागतात, तू आकाशपाळणा मागतेस?" मी म्हटलं.

"मोठ्यांना बसू देतात असा शोध," ताई म्हणाली. "जवळपासच."

शोधला. मॉलमधल्या चक्रांत फक्त पोरं मावत होती. शेवटी बस डेपोमागच्या मैदानात एक सापडला. ताईची लेक दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. तिला ताईने कबूल केलं होतं, "माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला आपण दोघी पाळण्यात बसू." मला हे ठाऊक होतं. पण घास नुसता चिवडत बसणारी माझी बहीण आपणहून काहीतरी मागत होती. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

भर दुपार. मैदानात आम्ही दोघीच. पोपडे सुटलेलं चाक, वंगणाचा वास, आणि डबा खात बसलेला पाळणेवाला. मला उंचीची भीती, म्हणून ताई एकटीच बसली.

"एकट्या माणसाला तसं फिरवता येत नाही," हात धूत तो म्हणाला. "चाक हिसके देतं. समोरच्या पाळण्यात वजन लागतं."

त्याने वाळूची दोन पोती समोरच्या पाळण्यात ठेवली, दोन्ही पाळणे एका पातळीत आणले आणि ब्रेक सैल केला. ताईची बाजू खाली गेली.

"मॅडम, बहीण दिसायला काटकुळी, पण आहे वजनदार!"

मला हसू आलं नाही. मी पार्सलच्या काउंटरवर बसते. माझ्या हाताला वजन कळतं. आजारपणात ताईला अंघोळीला उचलून नेलंय मी. दोन पोती तिला पुरून उरायला हवी होती.

"ती वाळूची लहान पिशवी द्या बरं," पाळणेवाला म्हणाला.

मी वाकून उचलली. वाळू उन्हाने कोमट झाली होती. पिशवी नकळत माझ्या कडेवर गेली, आणि पाय जागीच थबकला. भाचीला कडेवर घेऊन हे वजन माझ्या कमरेला पाठ झालं होतं.

त्याने चाक ओढून समोरचा पाळणा खाली घेतला, मी पिशवी त्यात ठेवली. चाक तोलावर आलं, फिरू लागलं.

वरून ताईचा आवाज येत होता. लेकीला झोपवताना म्हणायची तेच.

वर जाऊ बाई, ढगांच्या दारी...

एक ओळ म्हणून ती थांबायची, पुढची कुणी म्हणेल म्हणून थांबावं तशी. मग हसायची. ते हसू मी विसरूनच गेले होते. खाली उभी राहून मी रडून घेतलं.

पाळणा खाली आला. ताई एका कडेला अंग चोरून बसली होती. बाकीची जागा मोकळी.

"उतर. केक वाट बघतोय."

"अजून एकदा. तू हो पुढे."

मी तिचा हात धरला. ओढणीएवढा हलका. तिने तो हळूच सोडवून घेतला. तिचा पाळणा वर सरकला, दोन्ही पाळणे पुन्हा एका पातळीत आले.

पाळणेवाल्याने ब्रेक सैल केला. या वेळी पोत्यांची बाजू धाडकन खाली आली.

त्याने एक पोतं काढलं, पातळी जुळवली. पुन्हा तीच बाजू खाली.

"थांबवा! उतरवा तिला!"

"उतरवतो हो, आधी चाक तर हाताला येऊ दे." त्याने दुसरं पोतंही ओढून काढलं.

"ताई!"

वरून तिने हात हलवला. चेहरा निवांत, नुकतंच झोपलेल्या बाळासारखा.

त्याने दोन्ही पाळणे पुन्हा एका पातळीत आणले आणि ब्रेक पुरता सोडला. चाक तोलावर राहिलं, तसूभरही हललं नाही.

समोरच्या पाळण्यात ती लहान पिशवी एकटीच होती.