आतून कडी

वीज गेली आणि गच्चीवरची पोरं सरकून काकांना खेटून बसली. काका म्हणजे एका मोठ्या इस्पितळातले जुने कंपाउंडर. धाकट्या पुतणीनं विचारलं, "काका, भूत पाहिलंय तुम्ही?"

"मी नाही. आमच्या सिस्टरनं. म्हणजे तिनंही पाहिलं नाही, तीच तर गोम आहे. खोटं वाटलं तर फोन लावा तिला. शिव्या खायची तयारी मात्र ठेवा."

सिस्टर जन्मभर रात्रपाळी केलेली नर्स. निवृत्त झाली तेव्हा आपल्या शहरात घरभाडं आणि औषधं, दोन्ही पेन्शनीत बसेनात. मग ती परदेशातल्या एका तीर्थाच्या गावी जाऊन राहिली. तिथं स्वस्ताई होती. देवाशी तिचं देणंघेणं नव्हतं. "देव शेजारीच राहतो," ती फोनवर सांगायची, "पण बिचारा त्रास देत नाही. त्रास त्याच्या नावावर जगणारे देतात."

तिसऱ्या मजल्यावर तिची एक खोली. गजांची खिडकी, लोखंडी पलंग, लाकडी खुर्ची, एकच दार. दारातच बसवलेलं कुलूप होतं, पण त्याची दुसरी किल्ली घरमालकाकडे. आतून कडी नव्हती. कडीच्या जागी चार जुनी भोकं होती, त्यांवर निळ्या रंगाचा हात फिरवलेला.

"मालक, कडी लावून द्या."

"देवाच्या गावात कडी कशाला, सिस्टर?"

कशाला, ते यात्रा तोंडावर आल्यावर कळलं. हंगामात एकेका खोलीत गादीला गादी लावून यात्रेकरू झोपवायचे आणि महिन्याच्या भाडेकरूला जिना दाखवायचा, हा तिथला धंदा. परदेशी भाडेकरू असला तर अधिकच सोपं. तो कुठे आणि कुणाच्या ओळखीनं तक्रार करणार? वर मालक यात्रेकरूंपुढे हात जोडून म्हणणार, आम्ही सेवा करतो!

"उद्या सकाळी खोली मोकळी करा," मालक म्हणाला. "तुमच्या भल्याचंच सांगतोय. इथं आधी एक परदेशी मास्तर राहायचा. हंगामात त्याच्या फेऱ्या सुरू होतात."

"मेला कसा तो?"

मालक छताकडे बघायला लागला.

खालच्या शिवणवाल्या बाईनं खरं काय ते सांगितलं. मास्तरानं स्वतःच्या हातानं दाराला कडी लावली होती. तो बाहेर गेल्याचं बघून मालकानं ती उपटली. त्याच रात्री आत शिरून त्याची ट्रंक जिन्यात काढली, आणि मास्तरालाही. कडाक्याची थंडी. मास्तर ट्रंकेवर बसून राहिला. सकाळी लोक त्याला उठवायला गेले, तर तो उठला नाही.

सिस्टर तडक मालकाकडे गेली. "तुमचा तो मास्तर भाडं देत नाही ना? मग आधी त्याला काढा. मग माझ्याकडे या."

यात्रा सुरू व्हायची आदली रात्र. आभाळात चंद्र नाही. साडेनऊच्या सुमारास सिस्टर कुलूप लावून बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून तिनं पितळी कडी आणि स्क्रू घेतले, पेचकस उसना मागितला.

"आत्ता बसवणार, सिस्टर?"

"सकाळी मालक बसवू देणार आहे का?"

ती जिना चढून वर आली, तर दारापाशी बॅटरीचा उजेड. मालक होता, आणि बरोबर कुलूपवाला, हातात नवं कोरं कुलूप घेऊन. मालकानं आपली किल्ली घातली होती. किल्ली फिरत होती. दार हलत नव्हतं.

"आतून कडी आहे हो," कुलूपवाला म्हणाला.

मालकानं दार बडवलं. "सिस्टर! नाटकं पुरे झाली. उघडा!"

"मी इथं आहे," सिस्टर मागून म्हणाली.

दोघं वळले.

"मग आत..." कुलूपवाल्याचा आवाज चिरकला.

"आत कोणी नाही. आणि कडी..." सिस्टरनं हातातली पुडी वर केली. "कडी तर ही आहे."

आत खुर्ची सरकली.

पावलं.

सावकाश...

दारापर्यंत आली. थांबली.

काकाही थांबले. गच्चीवर कोणी हललं नाही.

"मग?" पुतणी कुजबुजली.

मालकाच्या हातून बॅटरी पडली. कोण आधी खाली पोचलं, मालक की कुलूपवाला, ते त्यांचं त्यांनाच माहीत. सिस्टर एकटी उरली. तिलाही पळायचं होतं. पण जाणार कुठे? अख्ख्या जगात तिची म्हणावी अशी ती एकच खोली होती.

ती दाराला तोंड लावून म्हणाली, "मास्तर, मी आहे. रात्रपाळीची बाई आहे मी, मला भिववून काही होणार नाही. तुम्हाला राहायचं तर खुशाल राहा. पण मी जिन्यात बसणार नाही. तुम्हीही बसायला नको होतं. उघडा."

काही नाही...

काहीच नाही...

मग कडी सरकली. सिस्टरनं नीट ऐकलं. लोखंडावर लोखंड.

तिनं दार ढकललं, दिवा लावला, पलंगाखाली वाकून बघितलं. कोणी नव्हतं. खुर्ची तेवढी दाराकडे तोंड करून होती.

"आणि मालक?" पुतण्यानं विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर पुन्हा पाऊल टाकलं नाही त्यानं. सिस्टर अजून तिथंच राहते. ऐन हंगामातसुद्धा."

"मग तिनं आणलेली कडी?"

काका पोरांच्या आणखी जवळ सरकले.

"लावायला म्हणून ती दाराकडे वळली. दाराला आतून कडी नव्हतीच. ती चार भोकं होती, पण त्यांवरचा रंग फुटला होता. आणि खाली फरशीवर लाकडाचा भुसा पडला होता... ताजा."