मधलं घर

पद्मनाभ जिंगाडे १९६१ साली इंग्लंडला गेला आणि लीड्सच्या एका कापडगिरणीत लागला. तिथे बसून त्यानं मराठीत तेवीस रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. खून सगळे आमच्या चामराजपेटेतले. तपशील मी पुरवायचो. मी त्याचा शाळासोबती, महापालिकेत नकाशे काढण्यात जन्म गेलेला. कुठलं दार आत उघडतं, चार वाजता ऊन कुठल्या पायरीवर येतं, हे बघून कळवायचं.

१९९४च्या मार्चमध्ये त्याचं पत्र आलं. "गुंडो, सत्यवतीअक्कांचं घर आणि छापखाना यांच्या मधल्या घराच्या अंगणात कसलं झाड आहे रे?"

मी दुपारी गेलो. रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा, हवेत भाजत्या कॉफीचा वास. सगळं पेंगुळलेलं. अक्कांचं घर आणि छापखाना यांची भिंत एकच होती. मध्ये घर नाही, असं मी कळवलं.

उत्तर आलं : "तू बाहेरच उभा राहिलास. दोनदा चष्मा पुसलास. मधल्या घरातल्या बाईनं खिडकीतून हाक मारली, तू वर पाहिलं नाहीस. असो. झाड मला दिसलं. पारिजातक आहे."

चष्मा मी दोनदाच पुसला होता.

"ही कादंबरी पुरे. थोडे दिवस इकडे ये," मी लिहिलं.

त्याचं शेवटचं पत्र एका ओळीचं होतं. "येतोच आहे, तिनं टेबल मांडून ठेवलंय."

एप्रिलमध्ये मथुरावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, लीड्सहून फोन आला. "भावजी, मंगळवारी ते टाइपरायटरवर लिहायला बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर खोलीत नाहीत. कोट, जोडे, सगळं इथंच. पोलिसांना कळवलंय. तिकडे... तिकडे आलेत का हो?"

"बघून कळवतो," मी म्हणालो. दोन दिवसांनी अक्कांच्या घरी गेलो.

अक्का दारातच होत्या. "बरं झालं आलात, अण्णा. भिंतीतून टकटक येते. स्वल्पच, पण दुपारची झोप लागत नाही."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. छापखान्याला तर महिनाभर कुलूप आहे."

आत जाऊन मी छापखान्याकडच्या भिंतीला कान लावला.

टाइपरायटर.

तो थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कोणीतरी माझ्या दिशेनं चालत येऊ लागलं, अनवाणी, सावकाश.

नऊ इंचांची भिंत ती. मी सतरा पावलं मोजली. पुढची अजून येतच होती.